चौदा सेंटिमीटर

भूगोलाच्या तासाला अंतर मोजायला शिकवताना मी दोरा वापरतो. नकाशावर दोरा ताणायचा, पट्टीवर धरायचा आणि प्रमाणाने गुणायचे. आमच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे ५० किलोमीटर. परवा एका मुलाने कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत दोरा ताणला आणि तो ओरडला, "सर, चौदा!" म्हणजे ७०० किलोमीटर. गुणाकार अचूक होता. शाबासकी द्यायची मात्र मी विसरलो.

आमची अक्का नागपूरला दिली आहे. पण आमच्या घरात हे अंतर दोऱ्याने कधी मोजले गेले नाही. आई ते दशम्यांनी मोजायची. आगगाडी काही दोऱ्यासारखी सरळ जात नाही. मिरज, पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घेत ती १२०० किलोमीटरांहून अधिक धावते, आणि त्यात दिवस उलटून जातो. म्हणून आई तीन वेळच्या दशम्या बांधून द्यायची. इतक्या लांबून आलेली लेक चार दिवसांत परत जाते थोडीच? अक्का आली की महिनाभर राहायची. वाट लांब, म्हणून मुक्कामही लांब. त्या वळशाचे आम्हांला कधी वाईट वाटले नाही.

वाईट वाटले ते २०१४ च्या आषाढात. पहाटे आई गेली. अक्का मिळेल त्या गाडीने निघाली. बाहेर पावसाची झड लागलेली. वडीलधाऱ्यांनी थांबू दिले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का दारात आली, तेव्हा आईच्या जागी पणती तेवत होती. अक्का रडली नाही. तिने फक्त विचारले, "केस विंचरले होते का रे तिचे?"

२०२५ साली उजळाईवाडीच्या विमानतळावरून नागपूरच्या सोनेगावला थेट विमान सुरू झाले. वेळ सुमारे दीड तास. खरे तर ७०० किलोमीटर कापायला जेट विमानाला एवढा वेळ नको. पण विमान जागचे हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात: धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, वाऱ्याचा रोख पाहून उतरणे. मास्तरकीच्या सवयीने हे सारे मी अक्काला फोनवर समजावून सांगितले. तिने "हं" एवढेच म्हटले.

त्या वर्षी आईच्या श्राद्धाला ती विमानाने आली. मी आणायला गेलो होतो. रिक्षात ती गप्पच होती. घरी आल्यावर पाय धुऊन आईच्या तसबिरीपुढे बसली. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, मनाशी काही हिशेब केला आणि म्हणाली, "एवढंच होतं होय रे?"

मी मुलांना रोज उत्तरे देतो. त्या वेळी एकही सुचले नाही.

तीन दिवसांनी ती परत निघाली. राहा म्हणावे, तर तिकीट आधीच काढलेले. माझ्या बायकोने सवयीने दशम्या बांधून दिल्या, त्याही तीन वेळच्या. दुपारी अक्काचा फोन आला. म्हणाली, "पोचले रे. दशम्या अजून ऊन आहेत."

आणि मग मात्र ती खूप वेळ रडत राहिली.