अंगठा आणि चार बोटें

माजलगांवास आगगाडी जात नाहीं. परभणीस उतरून पाथरीच्या वाटेनें मोटारीनें निघालें कीं ढालेगांवाजवळ गोदावरी लागते; ती ओलांडली म्हणजे थोड्याच वेळांत काळ्या जमिनीचा सपाट मुलूख दोहों बाजूंस पसरलेला दिसूं लागतो. गांव सिंदफणेच्या काठीं आहे. ही नदी पुढें मंजरथ येथें गोदावरीस मिळते, आणि त्या संगमावर स्नान करून आलेलीं वडील मंडळी आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं असतील. याच तालुक्यांतील पुरुषोत्तमपुरी अधिक मासांत यात्रेकरूंनीं गजबजून जाते. इतिहासाची आवड असणारांस हें गांव आणखी एका कारणानें ठाऊक आहे : यादव राजा रामचंद्र याचा शके १२३२ चा, म्हणजे इ. स. १३१० चा ताम्रपट येथें सांपडला.

परंतु आम्ही या खेपेस गेलों तें देवदर्शनासाठीं नव्हे. आमचे एक जुने स्नेही तात्या हे तेथें शेती करतात. त्यांचें बोलावणें फार दिवसांचें होतें. सिंदफणेवरील धरणामुळें आतां त्या भागाचें रूप पालटलें आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाचा पाया १९६५ सालीं घातला गेला व १९७६ सालीं तें पुरें होऊन त्याचें उद्घाटन झालें. त्याचा उजवा कालवा माजलगांवच्या जलाशयांत येऊन मिळतो. जेथें आमच्या लहानपणीं ज्वारी आणि कापूस यांवांचून दुसरें कांहीं दृष्टीस पडत नसे, तेथें आज उसाचे फड उभे आहेत.

दुसरा फरक तितकाच मोठा. पण तो कानांस कळतो. पूर्वीं कोळपणीच्या दिवसांत रानांतून घुंगरांचा नाद आणि कुणब्याची साद ऐकूं येई. आतां बैलजोडी बाळगणें थोड्यांसच परवडतें. तिच्या जागीं लहान इंजिनाचें कोळपणीयंत्र आलें आहे. दोन मुठींस धरून त्याच्यामागें चालावें, पुढें लोखंडी पात्यांनीं माती भुसभुशीत व्हावी व तण उपटलें जावें, अशी त्याची घडण. इंजिनाचा वेग कमीजास्त करणारा खटका उजव्या मुठीपाशीं असतो. त्यास तिकडील मंडळी ‘रेस’ म्हणतात. तात्यांच्या यंत्रास हा खटका अंगठ्यानें दाबून धरावा लागे. सोडला कीं कमानीच्या जोरानें तो मागें येई.

तात्यांचा पुतण्या हें यंत्र चालवितो. वय बाविशीच्या आंतबाहेर, अंगानें धट्टाकट्टा. तरी जेवावयास बसला असतां भाकरी मोडतांना तो वारंवार हात झटकीत होता. आम्हीं कारण विचारलें. “काका, दिसभर दाबून धरायचा म्हंजे आंगठा ऱ्हात न्हाई बघा,” तो म्हणाला. “रातच्याला तर बुडापासनं ठणकतो.” घरांतील बायकांनीं हळदीचा लेप सुचविला, तात्यांनीं दोन दिवस काम बंद ठेवण्यास सांगितलें. पण पावसानें उघडीप दिली होती व तण वाढत होतें. अशा वेळीं दोन दिवस म्हणजे काय, हें शेतकऱ्यावांचून इतरांस कळणें कठीण.

विचार करतां यांत नवल कांहीं नाहीं. अंगठा चिमटीस, लेखणीस, सुईस उत्तम. पण तासन् तास एकाच जागीं दाब देत राहणें हें त्याचें काम नव्हे. त्याच्या बुडाचा सांधा खोगिराच्या आकाराचा असून चहूंकडे वळतो, आणि हाच गुण अति श्रमांत त्याचा दोष होतो. मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस स्नायुबंधांचें आवरण सुजून होणाऱ्या दुखण्याचें वर्णन स्वित्झर्लंडमधील शस्त्रवैद्य द केर्व्हें यांनीं १८९५ सालीं केलें, व तें आजही त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. उलट चार बोटें मिटविणारे मोठे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागांत असतात व भार चौघांत वांटला जातो. आमच्या आज्या जात्याचा खुंटा मुठीनेंच धरीत. बैलांचा कासराही बोटांभोंवतींच गुंडाळला जाई.

हीच अडचण पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास बर्फावर धांवणाऱ्या गाड्यांतही आढळते. कानडांतील क्वेबेक प्रांताचे आर्मां बोंबार्डिए यांचा लहान मुलगा १९३४ च्या हिवाळ्यांत, बर्फानें रस्ते बंद असल्यामुळें इस्पितळांत पोंचूं न शकल्यानें वारला. पुढें त्यांनीं बर्फावरील अनेक वाहनें बांधलीं, व १९५९ सालीं ‘स्की-डू’ नांवाची लहान गाडी विक्रीस आणली. अशा गाड्यांचा वेगही बहुधा उजव्या अंगठ्यानेंच दाबावयाचा असतो. दूरच्या प्रवासांत अंगठा बधिर होतो म्हणून कांहीं स्वार तो खटका फिरवून पुढच्या बाजूस घेतात, व सायकलीच्या ब्रेकप्रमाणें बोटांनीं ओढतात.

माजलगांवच्या एका मिस्त्रीनें तात्यांच्या यंत्रास नेमकें हेंच केलें. अर्ध्या तासाचें काम. पण तो मनुष्य मोठा जाणता निघाला. तार कोठें अडकत तर नाहीं, खटका सोडतांच पूर्ण मागें येतो कीं नाहीं, हें त्यानें दहा वेळां पाहिलें. वेग ठराविक मर्यादेपलीकडे जाऊं नये म्हणून एक अटकावही बसविला. मग पुतण्यास समोर उभें करून म्हणाला, “घाबरलास की मूठ उघडायची. आवळायची न्हाई.”

या एका वाक्यांत सर्व मर्म आहे. अंगठ्याचा खटका त्रासदायक खरा; परंतु माणूस दचकला असतां मूठ आवळतो आणि अंगठा मुठीसभोंवतीं वळून खटक्यावरून सहज निसटतो. बोटांच्या खटक्यांत तीच आवळलेली मूठ वेग वाढविते, आणि पातीं तर पायांपासून हातभर अंतरावर फिरत असतात! सोयीच्या मोबदल्यांत येथें जन्मजात संवय मोडावी लागते. पुतण्यानें त्या सायंकाळीं मोकळ्या पडीक रानांत, पातीं काढून ठेवून, ‘मूठ उघड’ असें तात्यांनीं ओरडतांच हात सोडण्याचा अभ्यास केला. पहिल्या कांहीं खेपांस इंजिन किंचाळलें. अंधार पडेपर्यंत तें हांकेसरशी शांत होऊं लागलें.

आम्ही निघालों त्या दिवशीं त्यानें पाऊण एकर रान कोळपून काढलें होतें, आणि भाकरी मोडतांना हात झटकला नाहीं. बैल थकला म्हणजे आपण होऊन उभा राहतो. यंत्रास ती जाणीव नाहीं. म्हणून यंत्र घरांत आणणाऱ्यानें त्याची किंमत व ताकद यांबरोबर आणखी दोन गोष्टी पाहाव्या : तें आपल्या मुलाच्या हाताचा कोणता भाग झिजविणार, आणि तो भ्याला असतां त्याचा हात काय करील.