पाटीवर नाव कुठे आहे?

युरोपातल्या एका संग्रहालयात मी नेलेलं वारली चित्र भिंतीवर लागलं, आणि खालच्या पाटीवर चित्रकाराचं नावच नव्हतं. 'वारली जमात, महाराष्ट्र' एवढंच. पलीकडच्या दालनात मात्र तिथल्या चित्रकारांची नावं, जन्मसाल, माध्यम, सगळं व्यवस्थित. आजही आठवलं की डोकं तापतं.

मी स्वतंत्र क्युरेटर आहे. डहाणूकडचे वारली, पाटणगडचे गोंड, अशा चित्रकारांची कामं बाहेर नेते. पाठीशी ना संस्था, ना गॅलरी.

त्या पाटीवरून उद्घाटनाच्या आदल्या दिवशी खूप वाद झाला. शेणाने सारवलेल्या कापडाच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगात सही स्पष्ट दिसत होती. करारातही मी नाव लिहून दिलं होतं. संग्रहालयाचं म्हणणं, ही सामूहिक परंपरा आहे, एकाचं नाव घातलं तर लोकांचा गैरसमज होईल. मी विचारलं, मग वारली चित्रकार जिव्या सोमा मशे १९८९ मध्ये पॅरिसच्या 'मॅजिसिएं द ला तेर' प्रदर्शनात नावानिशी कसे होते? २०११ ची पद्मश्री त्यांना मिळाली की जमातीला? उत्तर नाही. आणि प्रश्न नुसत्या मानाचा नव्हता. विम्याच्या कागदावर संग्रहालयाने चित्राला 'हस्तकला' म्हटलं होतं आणि त्याच हिशोबाने किंमत लावली होती. उद्या कुणी विकत घ्यायला आलं की हाच आकडा पुढे करणार.

शेवटी पाटी बदलली. कॅटलॉग आधीच छापून झाला होता, तो तसाच राहिला.

नव्याने या कामात येणाऱ्यांना माझं सांगणं एकच: नाव, गाव, साल आणि मानधन करारात आल्याशिवाय चित्र पेटीत घालू नका. तोंडी आश्वासनाला काही अर्थ नसतो.

पण सहीबद्दल मी पूर्वीइतकी ठाम राहिलेले नाही. वारल्यांच्या लग्नात भिंतीवर चौक रंगवणाऱ्या सुवासिनी तांदळाच्या पिठाने पालघट देवी काढतात, तिथे सही नसतेच. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी वारल्यांना कागद नेऊन दिला, आणि पुढे नाव झालं ते बहुतेक पुरुषांचं. सहीचा आग्रह धरून मी या बायकांना आणखी मागे ढकलते का? पूर्वी 'छे' म्हणून मोकळी झाले असते, आता होता येत नाही. तरी करारातली नावाची अट मी काढणार नाही. चौक काढणारीचं नाव घालायचं की नाही, हे मात्र आधी तिलाच विचारीन.