हायब्रिडवरून कर्वे रोड

सायकलींचं शहर ही पुण्याची ओळख टू-व्हीलरच्या गर्दीत कधीच मागे पडली. पण कोथरूडच्या वनाजपासून डेक्कन जेमतेम 5 किलोमीटर, तेही बरंचसं उताराचं! इथे हायब्रिड सायकल एकदम फिट. रोडबाईकसारखी 700सी चाकं, म्हणून वेग. जरा रुंद टायर, म्हणून खड्ड्यांत धीर. सरळ हँडल, म्हणून नळस्टॉपच्या गर्दीत नजर समोर. स्वस्तातल्या मॉडेलला पुढे सस्पेन्शन नसेल तर उत्तमच, तेवढं वजन कमी. मडगार्ड, दिवे आणि दणकट कुलूप यांचे पैसे मात्र बाजूला ठेवा. परतीचा चढ? गिअर आहेत की! खरा प्रश्न ऑफिसचा. कारला जागा देणारं पार्किंग सायकलला कोपरा देईल का? खरेदीआधी एचआरला विचाराच.