चक्रीच बरी

मुंबई बंदरात शिडाची बोट चालवणारे बरेच जण सांगतात, "आता सगळं जीपीएसवर दिसतं, वेगाचा सेन्सर हवाय कशाला?" जुनी फायबरची बोट घेतली, तिच्या वेगाचा काटा शून्यावर मरून पडलेला होता, तेव्हा मलाही हाच सल्ला मिळाला. तो मला पटला नाही.

जीपीएस सांगतो तो जमिनीच्या हिशेबातला वेग. उधाणाला इथे साडेचार मीटरच्या वर भरती चढते आणि ते सगळं पाणी ओहोटीला ठाण्याच्या, पनवेलच्या खाडीतून परत निघतं. गेटवेहून प्राँग्जच्या दीपगृहाकडे जाताना पाण्याला दोन नॉटची ओढ असेल आणि बोट चार नॉटने चालत असेल, तर जीपीएस खुशाल सहा दाखवतो. परतताना त्याच बोटीचे दोन होतात. शीड जरासं ओढून घेतल्याने चाल वाढली की घटली, हे त्यातून कसं कळणार? खऱ्या वाऱ्याचा हिशेबही अडतो. डोलकाठीवरचं यंत्र चालत्या बोटीला लागणारा वारा मोजतं. त्यातून बोटीची पाण्यातली चाल वजा केली की खरा वारा हाती येतो.

म्हणून सेन्सर घ्यायचंच ठरवलं. प्रश्न होता, कुठला.

पहिला पर्याय विद्युत-चुंबकीय. फॅरडेच्या नियमावर चालतो: चुंबकीय क्षेत्रातून खारं पाणी वाहिलं की किंचित विद्युतदाब तयार होतो, तो मोजायचा. मोठ्या जहाजांवर हे तंत्र जुनंच आहे. आता एअरमारचा डीएक्स९००+ छोट्या बोटींनाही बसतो आणि बोट वाऱ्याने आडवी किती घसरते तेही सांगतो. किंमत ऐकून मी चहा मागवला. दुसरा अल्ट्रासॉनिक. पुढे-मागे दोन डोळे, पाण्यातले कण पुढच्याकडून मागच्याकडे जायला किती वेळ लागतो यावर वेग. नितळ पाण्यात तो चाचपडतो म्हणतात. आमच्या बंदरात गाळाची ददात नाही. तिसरी जुनी चक्री. पात्यांत चुंबक, ते फिरले की आत ठोके मोजले जातात.

पहिल्या दोघांत फिरणारा भागच नाही, म्हणून अडकायची भीती नाही, असं सगळे सांगत होते. पण मूरिंगवर उभ्या बोटीच्या बुडाला आपलं कोमट पाणी काय करतं, ते मी पाहिलं होतं. आधी बुळबुळीत शेवाळ, मग टणक बार्नेकल. ते सपाट डोळ्यावरही बसणारच. सेन्सर बाहेर काढून घासायचा तो घासायचाच, तर मग स्वस्तातली चक्री काय वाईट? शिवाय तिचं बुडात बसवायचं घर ५१ मिलिमीटरच्या चालू मापाचं घेतलं, तर उद्या त्याच घरात डीएक्स९००+ बसवता येतो.

घर प्लॅस्टिकचं घेतलं. फायबरला ते चालतं. लाकडी बोट असती तर ब्राँझ लागलं असतं, कारण लाकूड फुगून प्लॅस्टिक चिरतं. ॲल्युमिनियमच्या बोटीला ब्राँझ लावलं तर मात्र गंज बोटीलाच खातो. पावसाळ्यात बोट यार्डात वर होती, तेव्हा कीलच्या हातभर पुढे, मध्यरेषेला लागून भोक पाडून घेतलं.

चक्री पाण्यातच, आतून काढता येते. पहिल्यांदा काढली तेव्हा बोटीची देखभाल करणारे तांडेलकाका शेजारी होते. कडं सैल करून चक्री वर खेचली आणि करंगळीएवढी धार उसळली. घरातली झडप पाणी बरंचसं अडवते, सगळं नाही. झटकन बूच खुपसून पिळलं तेव्हा तळाशी तांब्याभर पाणी जमलं होतं. "बोटीला भोक पाडायचे पैसे दिलेत ना, साहेब?" काकांनी विचारलं. हातातल्या चक्रीच्या पात्यांत तांदळाएवढे बार्नेकल होते. जुन्या टूथब्रशने निघाले. आता बोट मूरिंगवर सोडताना घरात बूच ठेवतो. चक्रीला शेवाळरोधक रंग पाण्यात विरघळवलेलाच लावतो, कारण सॉल्व्हंटच्या रंगाने प्लॅस्टिक बिघडतं.

मग उरलं कॅलिब्रेशन. भांगाच्या दिवशी, पाणी थबकतं त्या वेळी, मिडल ग्राउंडच्या बाजूला इंजिनावर सरळ गेलो आणि त्याच रेषेत उलटा आलो, म्हणजे उरलीसुरली ओढ सरासरीत कटते. जीपीएसच्या सरासरीपेक्षा चक्री जरा जास्तच सांगत होती. गुणक खाली आणला, इंजिन बंद केलं आणि शीड चढवलं.