वरची नदी, खालची नदी

तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावायचं, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून खाली उतरायचं आणि श्रीकृष्णनगर, दौलतनगर, दहिसर गावठाण, कांदरपाडा ओलांडून मनोरीच्या खाडीला मिळायचं, एवढाच दहिसर नदीचा संसार. लांबी जेमतेम बारा किलोमीटर.

१९५७ साली दहिसर बृहन्मुंबईत आलं, तरी पुढे कितीतरी वर्षं ते गावच होतं. पहिल्या पावसात नदी लाल, गढूळ होऊन धावायची. नवरात्र येईपर्यंत पाणी इतकं निवळायचं की तळाचे गोटे दिसायचे. बायका खडकांवर गोधड्या आपटायच्या, पोरं टॉवेलात बारके मासे पकडायची. खाडीच्या बाजूला ओहोटीला चिंबोऱ्या मिळत. सिनेमावालेही काठावर चित्रीकरणाला येत, मग अख्खं गाव बघायला लोटायचं. पाणी चढलं की आजी अंगणातूनच ओरडायची, "डोहाकडं फिरकू नका रे!" तिला धाक नदीचा होता, घाणीचा नव्हे.

नंतर इमारती आल्या आणि सगळ्यांनी नदीकडे पाठ केली. तबेल्यांचं शेण, कारखान्यांचं पाणी, वस्त्यांचं सांडपाणी, सगळं तिच्यातच. पात्रात भराव पडत गेले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी नदीने काठची घरंदारं बुडवली. पुढे काठांना काँक्रीटच्या भिंती बांधल्या गेल्या. पुराचं भय खरं होतं, भिंती मागणाऱ्या माणसांना मी दोष देणार नाही. पण भिंतीबरोबर काठ गेला, आणि काठ गेला तसं नदीपाशी बसणारं माणूसही गेलं. आजच्या दहिसरच्या मुलाला पाण्याला हात लावायला जागाच नाही.

सगळ्यात जास्त जिवाला लागतं ते वेगळंच. श्रावणात उद्यानात जा. तिथे हीच नदी झाडांखालून, दगडांवरून खळाळत येते, पाणी नितळ, तळ दिसणारं. माझ्या लहानपणीची नदी मेलेली नाही, ती वर अजून वाहते आहे. उद्यानाबाहेर पडली की थोड्याच अंतरात ती काळी पडते. पाऊस तोच, डोंगर तोच. मधे आलो ते आपण. म्हणूनच 'काळ बदलला' ही सबब मला पटत नाही.

गेल्या काही वर्षांत 'रिव्हर मार्च'सारख्या नागरिकांच्या चळवळीने मुंबईच्या नद्यांसाठी आवाज उठवला. महापालिकेनेही दहिसर, पोयसर, ओशिवरा नद्यांच्या पुनरुज्जीवनाची कामं हाती घेतली आहेत. सुशोभीकरण, दिवे, बाकडी सावकाश होऊ देत. आधी नदीत सुटणारं प्रत्येक सांडपाण्याचं तोंड बंद करा, तबेल्यांचं शेण अडवा. आणि दहिसरकरांनो, आपल्या इमारतीचं सांडपाणी नेमकं कुठे जातं, हे सोसायटीच्या पुढच्याच सभेत विचारा.