बारावें छायाचित्र

छायाचित्रणाच्या विद्येस इंग्रजींत जें नांव आहे, त्याचा मूळ ग्रीक शब्दांवरून होणारा अर्थ ‘प्रकाशानें केलेलें लेखन’ असा आहे. आपल्या लोकांनीं मात्र तिला नांव देतांना छायेचा आश्रय केला. संस्कृतांत ‘छाया’ शब्दाचे सावली, प्रतिबिंब आणि कांति असे तिन्ही अर्थ होतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे आपलें नांवहि कांहीं कमी यथार्थ नाहीं असें दिसून येईल. चित्रांत माणसाची कांति उतरावी कीं नुसती सावली उरावी, हें काढणाराच्या ज्ञानावर अवलंबून असतें. हें आम्ही फार उशिरां व फार मोठी किंमत देऊन शिकलों.

परवां आमचा पुतण्या पहिल्या पगाराच्या भरांत विचारूं लागला, “काका, कॅमेरा कोणता घेऊं? लाखभर रुपये गेले तरी चालतील.” आम्हीं कपाटांतून तीन-चार बोटें रुंदीचा एक जुना चौकोनी कागद काढून त्याच्या हातीं दिला. त्यांत काळोख, एक उजळ खिडकी आणि तिच्या कडेस वांकलेल्या पाठीचा भास, यांवांचून कांहींच दिसत नाहीं.

“हें काय आहे, काका?”

“ही आमची आत्या.”

१९७६ सालच्या वैशाखांत कासारवाडीच्या घरीं आमच्या धाकट्या बंधूंची मुंज झाली. मामांनीं आपला आग्फा क्लिक-३ कॅमेरा दोन दिवसांकरितां आमच्या स्वाधीन केला होता. १२० क्रमांकाची फिल्म, तीवर चित्रें अवघीं बारा. तीं जपून खर्चावयाचीं. मातृभोजन, भिक्षावळ आणि घरच्या मंडळींचा समूह यांत अकरा संपलीं. समूहांत सव्वीस माणसें आहेत, आत्या नाहीं. ती बालविधवा. मंगलकार्यांत पुढें न येण्याची तिला इतकी संवय झाली होती कीं, आपण जावें असें तिला वाटलें नाहीं, आणि तिला बोलवावें असें आम्हां सव्वीसांपैकीं एकासहि सुचलें नाहीं. शंभर पानांचा स्वयंपाक मात्र तिच्याच देखरेखीखालीं झाला होता.

दिवस कलतां कलतां एक चित्र शिल्लक आहे असें पाहून आम्ही स्वयंपाकघरांत धांवलों. ती चुलीपाशीं बसली होती.

“आत्या, इकडे बघ.”

“माझा कसला रे फोटो काढतोस! वायां जाईल हो,” असें म्हणून ती हंसली, पण पदर मात्र तिनें नीट केला. चेहरा मोठा यावा म्हणून आम्ही चार फुटांवर जाऊन कळ दाबली. तिचें म्हणणें खरें झालें. पुढच्या माघांत ती गेली. तिचें दुसरें चित्र कोणींच कधीं काढिलें नव्हतें.

यांत दोष कॅमेऱ्याचा नव्हता, आमचा होता. त्यावर ऊन व ढगाळ अशा खुणा होत्या. त्या उघड्या आकाशाखालच्या उजेडाच्या, चुलीपाशींच्या नव्हत्या. शिवाय सुमारें दहा फुटांपलीकडचेंच स्पष्ट यावें अशी त्याच्या भिंगाची योजना होती. आत्येचा हात धरून तिला मागल्या अंगणांत आणिलें असतें व दहा फूट दूर उभे राहिलों असतों, तर त्याच कॅमेऱ्यांतून ती आज आमच्याकडे पाहत असती. म्हणून पुतण्यास जें सांगितलें, तेंच येथें लिहितों.

पैसा पेटीवर कमी व भिंगावर अधिक खर्चावा. भिंगावरील ‘एफ’चा अंक जितका लहान, तितकें त्याचें द्वार मोठें. एफ ३.५ पेक्षां एफ १.८ मधून सुमारें पावणेचार पट प्रकाश आंत येतो. ५० मिलिमीटरचें एफ १.८ भिंग स्वस्तांतलें असतें. परंतु लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यावर तें ७५ सारखें वागतें, म्हणून आपल्या लहान खोल्यांस ३५ चें बरें.

कॅमेरा माणसाकडे नेण्याआधीं माणूस उजेडाकडे न्यावा. खिडकी बाजूस असावी, पाठीशीं नसावी. आणि दुसऱ्या बाजूस पांढरें धोतर धरावें, म्हणजे चेहऱ्याची काळोखी बाजू उजळते. १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणणाऱ्या दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं मंडळींचा स्वयंपाक सांभाळून चित्रीकरणाच्या वेळीं याच कामासाठीं उन्हांत पांढऱ्या चादरी धरिल्या होत्या.

हातांत कॅमेरा धरून चित्र घेतांना ५० च्या भिंगास निदान एक-पन्नासांश सेकंदाचा वेग ठेवावा. धांवत्या मुलांस एक-अडीचशांश किंवा त्याहून अधिक. उजेड अपुरा असल्यास आय.एस.ओ. चा अंक वाढवावा. कणीदार चित्र पाहतां येतें, हललेलें सुधारतां येत नाहीं.

आषाढीस निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून पुण्यास जातांना आमच्या कासारवाडीवरून जाते. त्या वेळीं नवशिक्यांचीं चित्रें मळकट येतात. कारण, कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचें सगळें राखी रंगाचें धरून चालतो, व टोप्या-धोतरांचा शुभ्रपणा त्यास अतिप्रकाश वाटतो. तेथें प्रकाशाचें मान एका अंकानें, म्हणजे दुपटीनें, वाढवावें.

पावसाळ्यांत भिंगास बुरशी धरते. कातडी पिशवी ओल धरून ठेवते, म्हणून कॅमेरा घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा. चित्रांच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर, व एक दुसऱ्या घरीं. कागदावरील चित्रामागें मऊ पेन्सिलीनें नांवें व साल लिहावें. आमच्या समूहचित्रांतील सव्वीसांपैकीं चौघे कोण, हें सांगणारें आतां घरांत कोणी उरलेलें नाहीं.

पुतण्यानें सगळें ऐकून घेतलें, आणि लाखाची गोष्ट पुनः काढली नाहीं. थोड्या वेळानें तो खिशांतला फोन घेऊन उठला व स्वयंपाकघरांत गेला. आंत त्याची आई, म्हणजे मुंजींतल्या त्या बटूचीच पत्नी, पोळ्या लाटीत होती.

“माझा कसला फोटो काढतोस रे!” हे शब्द आमच्या कानीं आले, आणि क्षणभर आमचें मन पन्नास वर्षें मागें गेलें.

आम्हीं पाट उचलून खिडकीपाशीं नेऊन ठेविला.