अब्बांचं खातं

जयसिंगपुरात आमचं किराणा दुकान होतं. लॉकडाऊनमध्ये पुण्याहून घरी आले तेव्हा उधारी लिहायला अब्बांना एक छोटा प्रोग्राम करून दिला आणि घरच्या कॉम्प्युटरवर डॉकरच्या कंटेनरमध्ये चालवला. कंटेनर म्हणजे प्रोग्रामला लागणारं सगळं सामान भरलेला डबाच. पुढे अब्बा गेले, दुकान बंद झालं. मी तो कंटेनर थांबवला, काढूनही टाकला.

गेल्या महिन्यात डिस्क भरली. ‘डॉकर सिस्टिम डीएफ’ करून पाहिलं तर कंटेनर गेलेले, पण त्यांचे व्हॉल्यूम जागच्या जागी. व्हॉल्यूम म्हणजे डब्याबाहेरचं कपाट. डबा मोडला तरी माहिती राहावी म्हणून ते मुद्दाम वेगळं ठेवतात. ‘कंपोज डाउन’ केलं तरी ते जात नाही, पुढे ‘व्ही’ जोडावा लागतो. ‘व्हॉल्यूम प्रून’सुद्धा नव्या डॉकरमध्ये फक्त वापरात नसलेले बिननावाचे काढतं, नावाचेही काढायचे तर ‘ऑल’ जोडायचं. मी वैतागून तेच जोडलं होतं. डॉकर विचारत होतं, नक्की ना?

“जेवायला ये की गं,” अम्मीने हाक मारली. उठले.

परत येऊन आधी यादी पाहिली. बहुतेक नावं चौसष्ट अक्षरांची, अर्थ नसलेली. आमच्या गावात गल्लीच्या नंबरावरून घर तरी सापडतं! त्यांत एकच ओळखीचं नाव होतं: दुकान.

ते नव्या कंटेनरला जोडून उघडलं. लोकांकडून येणं होतंच. ती नावं अम्मीने मला वाचूही दिली नाहीत. पण एक नोंद उलटी होती. गूळवाल्या चाचांचे ४,२०० रुपये अब्बा देणं लागत होते.

जनाज्याच्या वेळी भाईजानने सगळ्यांसमोर विचारलं होतं, कुणाचं काही देणं असेल तर सांगा. चाचा पहिल्या सफमध्ये उभे होते. बोलले नाहीत. आणि देणं फेडल्याशिवाय वाटणी नाही, तरी आम्ही ती करून मोकळे झालो होतो.

अम्मी अन् मी पैसे घेऊन गेलो. चाचा म्हणाले, “मी तर तेव्हाच सोडले होते.” अम्मी म्हणाली, “आम्हाला माहीत नव्हतं ना.” बराच वेळ नको-नको झाल्यावर त्यांनी घेतले.

त्या रात्री ‘दुकान’ची प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि ती उघडते का ते तपासलं. बिननावाचे एकेक पाहून काढले. ‘दुकान’ अजून तिथेच आहे.